चांगला फॉरवर्ड सरावाला उशिरा येतो, रविवारी बाहेर बसवू का?

पहाटेचा_कोच (कोल्हापूर)

मंडळी, मी पेठेतल्या एका तालमीच्या सिनियर फुटबॉल टीमचा कोच आहे. माझं हे दुसरंच वर्ष. सराव सकाळी सहाला असतो, कारण निम्म्या पोरांना आठला एमआयडीसीत कार्ड पंच करायचं असतं. आमचा एक बॅक, म्हणजे बचावातला गडी, त्याआधी पन्नास घरी दूध घालून येतो. रिकामे कॅन गाडीला अडकवलेलेच असतात, पण गडी पावणेसहाला मैदानावर हजर.

आणि आमचा फॉरवर्ड! यंदा लीगमध्ये सात गोल केलेत पठ्ठ्यानं. पण महिन्यात चौथ्यांदा उशिरा आला. बुधवारी तर सहा पंचवीसला गाडी लावली, बुटाच्या नाड्या न बांधताच आत आला, वॉर्मअप नाही काही नाही, थेट शूटिंगला उभा राहिला. कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. दूधवाल्यानं फक्त एकदा माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

रविवारी शाहू स्टेडियमवर शेजारच्या पेठेशी मॅच आहे. गॅलरी फुल्ल असणार. तालमीतली थोरली मंडळी म्हणतात, "आधी मॅच मारू, मग बघू त्याच्याकडं." मला हे पटत नाही. पण त्याला बाहेर बसवला आणि हरलो तर? व्यावसायिक फुटबॉलमधले मोठे कोच अशा वेळी काय करतात? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी सांगा. वरवरचं नको.

साताऱ्याचा_मँचेस्टरकर

दादा, तुमच्या "हरलो तर?" चं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय. ३१ डिसेंबर २०११, ओल्ड ट्रॅफर्ड. आमच्या मँचेस्टर युनायटेडचा कोच सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचा सत्तरावा वाढदिवस होता आणि समोर तळाला असलेली ब्लॅकबर्न. टीमची यादी आली तर आमचा फॉरवर्ड रूनी नाही, बदली खेळाडूंतही नाही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं यादी दोनदा वाचली आणि खिशात घातली.

झालं होतं असं. २६ तारखेला विगनला ५-० हरवल्यावर रूनी, जॉनी एव्हन्स आणि डॅरन गिब्सन रात्री बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सरावाला ज्या अवस्थेत आले ती फर्ग्युसनला चालली नाही. तिघांनाही दंड झाला आणि रूनीला मॅचमधून काढलं.

आम्ही ३-२ हरलो. जखमींची यादीही लांब होती, कॅरिकला बचावात खेळवावं लागलं होतं, म्हणून सगळं खापर एका निर्णयावर फोडणार नाही. पण पुढचं ऐका. मे महिन्यात मँचेस्टर सिटीचे ८९ गुण, आमचेही ८९. गुण सारखे, म्हणून गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले) बघतात; तो त्यांचा ६४, आमचा ५६. शेवटच्या दिवशी जादा वेळेत त्यांच्या अग्वेरोनं गोल मारला आणि कप गेला. ब्लॅकबर्नशी नुसती बरोबरी झाली असती तरी ९० गुणांवर लीग आमची होती!

म्हणजे शिस्तीची किंमत पडते, आणि कधी कधी ती अख्खी लीग असते. तरी मी आजही म्हणतो, त्या माणसानं बरोबर केलं. रूनी टीममध्ये राहिला, पुढच्याच हंगामात आम्ही ११ गुणांच्या फरकानं लीग जिंकली. १९८६ ते २०१३ एकाच क्लबात टिकायचं तर ड्रेसिंगरूममधल्या प्रत्येकाला ठाऊक असावं लागतं की गोल मारणाऱ्याला वेगळा कायदा नाही.

दुसरी गोष्ट आमच्या नंतरच्या कोचची, टेन हागची. ऑगस्ट २०२२, ब्रेंटफर्डनं आम्हाला ४-० धुतलं. ब्रेंटफर्डचे खेळाडू आमच्यापेक्षा एकूण १३.८ किलोमीटर जास्त धावले होते. टेन हागनं दुसऱ्या दिवशीची सुट्टी रद्द केली आणि सगळ्यांना तेवढंच अंतर पळवलं. पण स्वतःही बरोबर पळाला, वय ५२. पुढची मॅच लिव्हरपूलशी होती, ती २-१ जिंकलो. पळण्यामुळेच जिंकलो असं नाही, पण शिक्षेत कोच स्वतः उभा राहिला की पोरांच्या तोंडाला कुलूप लागतं.

त्याच वर्षी पुन्हा ३१ डिसेंबर! आमचा फॉरवर्ड रॅशफर्ड फॉर्मात होता, झोप लागली म्हणून टीमच्या मीटिंगला उशिरा आला. वुल्व्जविरुद्ध त्याला बाहेर बसवला, हाफटाइमला उतरवला आणि ७६व्या मिनिटाला त्यानंच एकमेव गोल केला. तेव्हा बाहेर बसवणं म्हणजे तोडून टाकणं नव्हे. पहिला हाफ बसवा.

पुणेरी_गनर

मँचेस्टरकरांचं पटतंय, पण माझा एक सवाल आहे. तो उशिरा का येतो हे त्याला विचारलंत का? तुमच्या पोस्टमध्ये कुठंच दिसलं नाही.

आमच्या आर्सेनलचा ओबामेयांग कॅप्टन होता. मार्च २०२१ मध्ये स्पर्सच्या मॅचला उशिरा आला, कोच आर्टेटानं बाकावर बसवला, आम्ही २-१ जिंकलो, विषय संपला असं वाटलं. डिसेंबरात परवानगी घेऊन परदेशी गेला आणि ठरल्या वेळेपेक्षा उशिरा परतला. आजारी आईसाठी गेलो होतो, असं त्यानं नंतर सांगितलं. आर्टेटानं कॅप्टनशिप काढली, तो परत आर्सेनलकडून खेळलाच नाही, फेब्रुवारीत बार्सिलोनाला गेला. त्या हंगामात आम्हाला शेवटी गोल मारायला माणूस नव्हता आणि युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीग दोन गुणांनी हुकली. ६९ आमचे, ७१ स्पर्सचे. मला ते फार लागलं होतं.

पुढच्या वर्षी तरुण पोरांची तीच टीम दुसरी आली, हेही खरं. आर्टेटा बरोबर होता असं मी आज म्हणतो. पण आईचं नाव निघालं की माझं मन अजून कचरतं. आधी विचारा, मग बसवा.

पेडण्याचो_गोली

मी गोव्यात क्लबसाठी नऊ वर्षं खेळलो, तेव्हा खेळाडूच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

एक, चारचौघांत बोलू नका. २०२३ च्या सप्टेंबरात टेन हागनं पत्रकारांसमोर सांगितलं की युनायटेडच्याच सांचोचा सराव पुरेसा चांगला नव्हता म्हणून घेतला नाही. सांचोनं सोशल मीडियावर उलट लिहिलं. मग माफी माग, नाही मागत, असं चाललं. पहिल्या टीमपासून त्याला वेगळा ठेवला, जानेवारीत जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबला पाठवला आणि तिकडं तो चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. टेन हागला २०२४ च्या ऑक्टोबरात काढलं. तोच कोच, सांचोच्या आधी काही महिने रॅशफर्डचं किती नीट सांभाळलं होतं! फरक इतकाच की तिथं शिक्षा झाली आणि दोघांनी विषय मिटवला. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळही टाकू नका. तालमीतल्या वडीलधाऱ्यांना सांगायच्या आधी त्या पोराला सांगा.

दुसरं, पैशाचा दंड लावू नका. चेल्सीत कोच लँपार्डची दंडाची यादी २०१९ मध्ये बाहेर आली होती, सरावाला उशीर म्हणजे २०,००० पौंड, जेवताना फोन वाजला तर १,०००. त्यांना ते परवडतं. आमच्या क्लबात डबा होता, उशिराला शंभर रुपये. ज्याला नोकरी होती तो हसत टाकायचा, ज्याला नव्हती तो दुसऱ्या दिवशी यायचाच नाही. एक चांगला विंगर आम्ही तसा गमावला.

पहाटेचा_कोच (कोल्हापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी त्याला एकट्याला चहाला बोलावलं. कारण विचारलं. आजारपण नाही, घरी अडचण नाही. "रात्री बसतो मित्रांत, उठवत नाही," एवढंच म्हणाला. खोटं बोलला नाही हे मला आवडलं. मग म्हणाला, "सर, तुम्हीबी गेल्या महिन्यात दोनदा सव्वासहाला आलाय की." खरं होतं. पोरीला क्लासला सोडून येत होतो. ते माझ्या ध्यानातच नव्हतं, पोरांच्या मात्र होतं.

म्हणून शुक्रवारी सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सांगितलं. सहानंतर जो येईल तो पुढच्या मॅचचा पहिला हाफ बाहेर. मी उशिरा आलो तर त्या दिवशी पोरांबरोबर मैदानाच्या फेऱ्या मारीन. गेल्या महिन्याच्या माझ्या दोन चुकांच्या दहा फेऱ्या तिथंच मारल्या. पाचवीनंतर दम लागला. दूधवाला शेवटच्या दोन फेऱ्यांना न सांगता शेजारी येऊन पळाला.

फॉरवर्डला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की रविवारी तू पहिला हाफ बसणार. मान खाली घातली, पण हो म्हणाला.

मॅच १-१ सुटली. पहिल्या हाफात आम्ही एक खाल्ला, गॅलरीतून माझ्या नावानं शंख झाला. दुसऱ्या हाफात तो उतरला, गोल नाही मारला, पण बरोबरीच्या गोलाचा कॉर्नर त्यानंच मिळवून दिला. शेवटच्या मिनिटाला त्याचा हेडर बारला लागून वर गेला. तो बॉल अजून डोळ्यांपुढनं हलत नाही.

थोरली मंडळी नाराज आहेत. बुधवारी रात्री तालमीत बैठक बोलावली आहे, दोन गुण कुणामुळं गेले हे विचारणार. मी जाणार आहे. ८९-८९ चे ते आकडे वहीत लिहून घेतलेत, तिथं वाचून दाखवीन. तो फॉरवर्डही येतो म्हणालाय, मी नको म्हटलं नाही.