१२८ जीबीचा सी ड्राइव्ह भरलाय, नक्की काय उडवू?

नमस्कार मंडळी,
ताईचा लॅपटॉप माझ्याकडे आलाय, विंडोज ११, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबीचा एसएसडी. वेगळा डी ड्राइव्ह नाही, सगळं सी वरच. मुळात ११९ च जीबी दिसतात आणि त्यातले जेमतेम ३ उरलेत, पट्टी लाल. अपडेट सुरू होतं आणि जागा नाही म्हणून अडकतं. फोटो-व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले, रिसायकल बिन रिकामी केली, तरी फार काही सुटलं नाही. फॉरमॅट मारायचा नाहीये कारण तिचं प्रोजेक्ट सबमिट करायचंय आणि सगळी सॉफ्टवेअरं परत टाकत बसायला वेळ नाही. काय उडवलं तर चालेल आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही ते सांगा प्लीज. एखादा चांगला क्लीनर असेल तर तोही सुचवा.

प्रतिसाद १
सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे जे दिसेल ते टिक करून रिमूव्ह मारा, काम झालं.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे पण सरसकट टिक नका करू, त्याच यादीत डाउनलोड्स फोल्डरपण असतो! ताईचं प्रोजेक्ट तिथेच पडलेलं असलं तर गेलं. तेवढं सोडून विंडोज अपडेट क्लीनअप आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बिनधास्त काढा. मागचं विंडोज तिथे दिसलं तर तेही जाईल, फक्त मग जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही. तसंही ते साधारण १० दिवसांनी आपोआप जातं.

आता मुख्य मुद्दा. क्लीनर नका टाकू. रजिस्ट्री (विंडोज आणि सॉफ्टवेअरांच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा मिळते असं ही सॉफ्टवेअरं सांगतात, पण अख्खी रजिस्ट्रीच फार तर काहीशे एमबींची असते, त्यातून मिळणार काय? आधी जागा खाल्लीये कुणी ते बघा. विझट्री नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲडमिन म्हणून चालवलं की ड्राइव्हची फाइल-यादी थेट वाचतं त्यामुळे काही सेकंदांत सगळ्यात मोठी फोल्डरं वर येतात. विनडिरस्टॅट, ट्रीसाइझ पण चालेल, जरा हळू. हे न बघता पुसत बसलात तर शंभर छोट्या फाइली जातील आणि एक मोठी तशीच राहील.

त्यात सी च्या मुळाशी हायबरफिल डॉट सिस दिसेल, ती हायबरनेटची (उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करायची सोय) फाइल, रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ३ जीबीच्या वर. डिलीट मारून जाणार नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ टाइप करा, फाइल लगेच गायब. मात्र हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, चालू व्हायला किंचित जास्त वेळ लागेल. शेजारची पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) राहू द्या. ८ जीबी रॅमवर ती काढली तर ब्राउझरचे टॅब वाढले की प्रोग्रॅम बंद पडायला लागतील.

विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस (विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा साठा) बघून घाबरू नका. एकच फाइल दोन जागी जोडलेली असते आणि दोन्हीकडे मोजली जाते, म्हणून ते आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हाताने त्यातलं काहीही पुसायचं नाही. तसंच विंडोजमधलं इन्स्टॉलर नावाचं लपलेलं फोल्डर. लोक त्यातल्या फाइली जुन्या समजून उडवतात आणि नंतर ऑफिससारखी सॉफ्टवेअरं ना अपडेट होतात ना अनइन्स्टॉल. सिस्टिमची फोल्डरं सिस्टिमच्याच टूलने साफ करायची, यात मी कुणाचंच ऐकत नाही.

प्रतिसाद ३
+१ विझट्री. वनड्राइव्ह वापरत असतील तर ते फोल्डर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस करा, फाइली क्लाउडवर राहतात आणि इथली जागा सुटते. पण इथून डिलीट करू नका हां, क्लाउडवरूनपण जातील.

धागाकर्ता
खूप आभार सगळ्यांचे! विझट्री चालवलं आणि चाटच पडलो. ताईच्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात ॲपल कॉम्प्युटर, त्यात मोबाइलसिंक, आणि तिथे एकटा बॅकअप ३१ जीबी! हायबरनेट बंद केलं, टेम्पररी फाइल्समधून ७ जीबी गेले. हे बॅकअपचं फोल्डर सरळ शिफ्ट डिलीट मारू का?

प्रतिसाद २
थांबा, आधी ताईला विचारा. तो तिच्या आयफोनचा अख्खा बॅकअप आहे, जुने मेसेज फोटो कदाचित फक्त तिथेच असतील. आतल्या फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे नि अक्षरं असतात, त्यामुळे उघडून काही कळायचं नाही. अख्खं बॅकअप फोल्डर आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, कॉपी पूर्ण झाली की दोन्हीकडची साइझ जुळवा, आणि मग आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस जे असेल त्याच्या बॅकअपच्या यादीतून नको तो काढा. तिथे तारीख दिसते, त्यामुळे जुन्या फोनचा कुठला नि आत्ताचा कुठला ते कळतं. पुढे लागला तर कॉपी परत त्याच जागी ठेवायची, नाव न बदलता.

हो आणि आत्ताच अपडेट लावून टाका. नंतर रिस्टार्ट करून टेम्पररी फाइल्स परत एकदा उघडा, अपडेटचा उरलेला कचरा तिथे नव्याने आलेला असतो.