रोज रात्री कॅश-कुकीज साफ करते, तरी घोळ होतातच. नेमकं कधी करायचं?

झेरॉक्सवाल्या वहिनी
नमस्कार. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दुकान टाकलं तेव्हा भाच्याने सांगून ठेवलं, "मामी, शटर ओढायच्या आधी कंट्रोल-शिफ्ट-डिलीट, सगळ्यावर टिक, ऑल टाइम, साफ." पाच वर्षं देवापुढे दिवा लावावा तसं करतेय.

यांचं म्हणणं, त्यामुळेच सकाळी प्रत्येक साइट रखडत उघडते आणि व्हॉट्सॲप वेब रोज नव्याने जोडावं लागतं. परवा हे दुकानाचा फोन खिशात घालून शेतावर गेले. इकडे गिऱ्हाइकं "वहिनी, पीडीएफ टाकलीय" म्हणत उभी, आणि क्यूआर स्कॅन करायला फोनच नाही!

एवढं करून मंगळवारी दोन घोळ झालेच. एका मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला चुकून तिच्या भावाचा फोटो चढला. बदलून सेव्ह केला, तरी भाऊ तिथेच. चारदा बदलला. तिची आई म्हणाली, साइटला तोच पसंत पडलेला दिसतोय. दुसरा घोळ मात्र घाम फोडणारा. तासाभराने दुसऱ्या मुलासाठी तीच साइट उघडली, तर वर त्या मुलीचं नाव आणि तिचा अख्खा अर्ज समोर! जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी
वहिनी, दोन्ही घोळ वेगळे आहेत. फोटो बहुधा पहिल्याच वेळी बदलला होता. नव्या फोटोचा पत्ता जुनाच राहिला, की ब्राउझर म्हणतो, हा आहे की माझ्याकडे, परत कशाला आणू? ही कॅश. त्यासाठी सगळं पुसायची गरज नाही, त्या पानावर कंट्रोल-एफ५ दाबा. नाहीच हललं तर इनकॉग्निटोत, म्हणजे जुनी कॅश-कुकीज न वापरणाऱ्या खाजगी खिडकीत, लॉगइन करून बघा. तिथेही भाऊच दिसला, तर गडबड साइटकडे आहे. तुम्ही कितीही झाडलोट करा.

दुसरा घोळ कुकीचा. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसा लॉगइन केल्यावर साइट ब्राउझरला एक बिल्ला देते. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. मुलगी लॉगआउट न करता गेली, बिल्ला तुमच्या कॉम्प्युटरवर राहिला. तुम्ही साफ करता रात्री, घोळ झाला दुपारी!

व्हॉट्सॲपचंही तेच. 'कुकीज आणि इतर साइट डेटा'वर टिक केली की त्याचाही बिल्ला जातो.

चहाबाज
मी दर रविवारी सगळं उडवतो. लॅपटॉप नुसता पळतो.

रात्रपाळी
@चहाबाज, त्याच वेळी रीस्टार्टही करत असाल! डिस्क गच्च भरली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कॅश पुसल्यावर प्रत्येक साइट पहिल्यांदा उलट हळूच उघडते. सगळी चित्रं पुन्हा आणायची असतात. वहिनींच्या यजमानांचं बरोबर आहे.

निवृत्त नाना
आमचा अनुभव. एक साइट उघडेना, '४०० बॅड रिक्वेस्ट', आणि खाली कुकी फार मोठी झाल्याचं काहीतरी इंग्रजीत. घाबरून सगळंच पुसलं आणि दोन दिवस पासवर्ड आठवत बसलो. नंतर चिरंजीवांनी सांगितलं, एकाच साइटच्या कुकीज साठत गेल्या होत्या. दर वेळी त्या सगळ्या साइटकडे जातात, आणि तिकडच्या मर्यादेपलीकडे गेल्या की दार बंद. वर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्याच साइटचा डेटा काढता येतो. लॉगइन करताना पान गोल गोल फिरून 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणालं, तरी आधी हेच करून बघतो.

रात्रपाळी
+१ नाना. वहिनी, क्रोममध्ये व्हॉट्सॲप तुमच्या नेहमीच्या खिडकीत ठेवा. गिऱ्हाइकाचं काम गेस्टमध्ये करा. वर कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक केलं की सापडेल. काम झालं की लॉगआउट करून खिडकी बंद, कुकीज गेल्या. फक्त दोन गिऱ्हाइकांसाठी दोन गेस्ट खिडक्या एकदम उघडू नका, बिल्ले दोघींत एकच असतात. आणि डाउनलोड केलेल्या फायली गेस्ट बंद करूनही जात नाहीत. तो फोल्डर बघितलाय का कधी?

झेरॉक्सवाल्या वहिनी
नव्हता बघितला. आत्ता उघडला. लोकांची आधार कार्डं, जातीचे दाखले, सातबारे, आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे सात नमुने. यांना म्हटलं, तुमचं बरोबर ठरलंय ना, मग बसा आता एकेक पुसत. कंट्रोल-एफ५ने भाऊ एका फटक्यात गेला. गेस्टमध्ये आज अकरा फॉर्म भरले, आणि व्हॉट्सॲप सकाळपासून जोडलेलंच आहे.