सम-विषम की एकी-बेकी? आणि ‘ॲरे’ला काय म्हणायचं?

विक्रोळीच्या बाई
सेमी-इंग्लिशच्या दुसरीला गणित शिकवते. वर्गात ‘ईव्हन-ऑड’ म्हणते, पण निम्म्या मुलांचा अभ्यास घरी आजी घेते आणि तिथे ‘सम-विषम’ चालतं. परवा एकाने विचारलं, “बाई, विषममध्ये विष असतं का?” हसू आलं, पण उत्तर काही पटकन सुचेना.
दुसरी अडचण ‘ॲरे’ची. बटणं ओळीने मांडून चार त्रिक बारा दाखवतो ना, त्या मांडणीला सुटसुटीत मराठी शब्द आहे का? ‘सारणी’ म्हणून पाहिलं. पोरं नुसती बघत राहिली.

गिरगावकर
विष नाही हो बाई. वि + सम. संधीत ‘स’चा ‘ष’ झाला, एवढंच. सम नाही ते विषम.
संस्कृतात हा शब्द थेट आकड्यासाठी वापरलेला सापडतो. तीन डोळ्यांचा शंकर तो विषमनेत्र, पाच बाणांचा मदन तो विषमबाण. आणि आपली सातविण, जिच्या वासाने ऑक्टोबर सरता सरता अर्धी मुंबई डोकं धरून बसते, तिला अमरकोशात ‘विषमच्छद’ म्हटलंय. छद म्हणजे पान. एका झुबक्यात सात पानं धरली आहेत. मुलांना झाडाखाली नेऊन मोजायला लावा. मात्र सगळे झुबके सातांचेच निघतील असं नाही. सहाचा निघाला तर झाडाचं नाव बदलायचं का, हा तास वेगळा.

चिंचोका
आमच्या घरी सम-विषम कोणी म्हणायचंच नाही. एकी-बेकी! परळच्या चाळीत दुपारी गॅलरीत बसून आजी मुठीत चिंचोके लपवायची. “एकी का बेकी?” चुकलो की आपले चिंचोके तिचे.
एकदा मी “एकी” म्हटलं आणि तिने मूठ उघडली तर आत काहीच नाही. मी भांडायला उठलो, हा डाव धरायचाच नाही म्हणून. ती शांतपणे म्हणाली, “जोड्या लाव. जोडीवाचून कोणी उरला? नाही ना? मग बेकी.” आणि माझे तीन चिंचोके उचलले. शून्य सम असतं हे नंतर शाळेत कळलं, पण मला ते त्या रिकाम्या मुठीतच दिसतं.

गिरगावकर
बेकीतला ‘बे’ म्हणजे दोन. बे एके बे, बे दुणे चार मधला. एरवी बोलताना आपण दोनला बे म्हणायचं सोडलं, पाढ्यात आणि बेचाळीसमध्ये तेवढं राहिलं. शेजारचे गुजराती अजून रोज म्हणतात. ‘बेकायदा’तल्या फारसी ‘बे’शी याचा काही संबंध नाही.

पार्ल्याची मावशी
एकी-बेकी गोड आहे, पण बाई, सांभाळून. आमच्या शाळेत करंगळी वर करून “एकीला जाऊ?” विचारायचे. वर्ग पाच मिनिटं हातचा जाईल.
शिवाय ‘एकीचे बळ’ फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेलं असतं. तिथली एकी सगळ्यांना धरून ठेवते, आणि आकड्यातली एकी एकाला बाहेर ठेवते! बेकीचंही तसंच, एरवी तिचा अर्थ फूट.

तबलजी
गंमत बघा, तालात ‘सम’ येते पहिल्या मात्रेवर. आणि एक हा विषम.

दादरचा दुकानदार
आम्हाला सम-विषम २०२० च्या जूनने शिकवलं. लॉकडाऊन सैल झाला तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची दुकानं विषम तारखेला, दुसऱ्या बाजूची सम तारखेला. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, “तुम्ही आज विषम का?” माझा मुलगा तेव्हा पहिलीत. दुकान उघडायचं की नाही ते सकाळी कॅलेंडर बघून तोच सांगायचा, तेही फक्त शेवटचा आकडा बघून. ‘पार्किंग सम तारखेस’ अशी पाटी दिसली की अजून वाचतो. ३१ नंतर १ आली की दोन दिवस लागोपाठ विषम, हेही त्यानेच मला दाखवलं.

विक्रोळीच्या बाई
सगळ्यांचे आभार. आज वर्गात जे झालं ते सांगते, कारण त्याने माझाच गोंधळ सुटला.
एका मुलीला १५ बटणं दिली. तिने पाच-पाचच्या तीन ओळी मांडल्या, अगदी डोळ्यात भरतील अशा. म्हणाली, “बाई, हे सम. सगळ्या ओळी समान आहेत.” आता हिला चूक कसं म्हणू? शब्दाच्या अर्थाने ती बरोबरच होती. समान, समभुज, समतोल, सगळीकडे सम म्हणजे सारखं. मग पंधरा विषम कसे? तिने गणपतीच्या मोदकांचं उदाहरण दिलं. एकवीस मोदक, सात-सातच्या तीन ओळी, ताट कसं शोभतं!
म्हटलं, आता दोनच ओळी कर. वर सात, खाली सात, आणि एक बटण हातात. ते बटण मुठीत धरून ती बराच वेळ बघत होती. मग मी चिंचोकेदादांच्या आजीचं वाक्य वापरलं, “जोडीवाचून कोण उरला?” ती म्हणाली, “हा.” वर्गाने एका सुरात ‘एकी’ म्हटलं आणि हो मावशी, दोन करंगळ्या वर झाल्याच.
माझ्यापुरतं ठरलं. आधी एकी-बेकी, कारण त्यात दोनाचा हिशेब शब्दातच आहे. सम-विषम नंतर, पाठ्यपुस्तकासाठी. ॲरेचं मात्र राहिलंच.

पार्ल्याची मावशी
लादी म्हणा की! पाव लादीनेच येतात, ओळीत चिकटलेले. घरातली जमीनही लाद्यांचीच. आडव्या चार, उभ्या तीन, मोजा नाहीतर चालून बघा. कुठल्याही भिंतीकडून मोजा, बाराच.

गिरगावकर
पुण्यात लादीला फरशी म्हणतात. तिथे बदली होऊन गेलेलं पोर काय करील? ‘ओळींची मांडणी’ साधं आहे. आडव्या ओळी, उभ्या ओळी.

चिंचोका
काका, तोंडात बसायला हवा ना शब्द. ‘ओळींची मांडणी’ म्हणेपर्यंत पाव संपतील.

विक्रोळीच्या बाई
वहीत ‘ओळींची मांडणी’, तोंडी ‘लादी’. उद्या बेकरीतून खरीच आणते. मोजून होईपर्यंत कोणी पाव सुटा करायचा नाही, ही अट आधीच घालते.

दादरचा दुकानदार
सकाळी सातच्या आत जा. नंतर सुटेच उरतात, आणि ते बहुतेक एकी.