ब्राउन्सने दुसऱ्या क्रमांकाची निवड कोणावर खर्च करावी?

एरीकाठ:

येत्या २४ एप्रिल २०२५ रोजी ग्रीन बेमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवार निवड, सुरू होईल, तेव्हा आपल्या क्लीव्हलंड ब्राउन्सकडे पहिल्या फेरीतली दुसऱ्या क्रमांकाची निवड असेल. २०२१ नंतर पहिल्या फेरीत आपल्याला खेळाडू निवडता येण्याची ही पहिलीच वेळ आहे, कारण मधल्या तिन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आपण मार्च २०२२ मध्ये डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) बदल्यात ह्यूस्टन टेक्सन्सना देऊन टाकल्या आणि वर त्याच्याशी २३ कोटी डॉलरचा, संपूर्ण हमीचा करार केला. तो करार २०२६ पर्यंत चालणार आहे आणि वॉटसनच्या टाचेवरचा स्नायुबंध ऑक्टोबरमध्ये एकदा व जानेवारीत पुन्हा तुटला आहे. २०२४चा हंगाम ३ विजय आणि १४ पराभव असा संपला. नोव्हेंबरात पडत्या बर्फात पिट्सबर्गला हरवल्यानंतर उरलेले सहाही सामने आपण गमावले.

मी या शहरात वीस वर्षे राहतो आहे आणि दर एप्रिलमध्ये मनापासून आशा धरतो, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो आहे. टेनेसीचा संघ पहिल्या क्रमांकावर मायामी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड याला घेईल असे बहुतेकांचे मत आहे. मग आपल्यापुढे कोलोरॅडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक शेदूर सँडर्स, त्याच संघाचा ट्रॅव्हिस हंटर आणि पेन स्टेट विद्यापीठाचा एज रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा) अब्दुल कार्टर हे तिघे उरतात. किंवा ही निवड दुसऱ्या संघाला देऊन आपण खाली सरकू शकतो. सध्या आपल्याकडे क्वार्टरबॅक म्हणून मार्चमध्ये घेतलेला केनी पिकेट आणि चाळिशीत परत आलेला जो फ्लॅको आहेत. आपण काय कराल आणि का, हे कृपया सविस्तर लिहावे.

कोलंबसकर:

माझे मत स्पष्ट आहे: क्वार्टरबॅक घ्यावा. १९९९ मध्ये संघ नव्याने उभा राहिल्यापासून चाळीसच्या आसपास खेळाडूंनी आपल्यासाठी क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात केली आहे, आणि ज्या संघाची ही जागा दरवर्षी रिकामी होते त्याने बाकी कुठेही कितीही भर घातली तरी ती वाहून जाते. जो थॉमसचे उदाहरण घ्या. २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला हा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा, सलग १०,३६३ स्नॅप (डाव) खेळला, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि तरीही संपूर्ण कारकिर्दीत त्याला प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना खेळायला मिळाला नाही, कारण त्याने ज्याचे रक्षण करायचे तो माणूस दर काही महिन्यांनी बदलत असे.

याउलट २०१८ पाहा. आदल्या वर्षी आपण सोळाच्या सोळा सामने हरलो होतो. क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि तिसऱ्या हंगामात आपण ११ विजय मिळवून पिट्सबर्गमध्ये जाऊन ४८-३७ असा प्लेऑफचा सामना जिंकलो. नवोदित क्वार्टरबॅकचा करार चार वर्षांचा आणि तुलनेने स्वस्त असतो. वॉटसनच्या कराराचे ओझे डोक्यावर असताना आपल्याला परवडेल असा क्वार्टरबॅक फक्त ड्राफ्टमधूनच मिळू शकतो.

कसबापेठ:

मी पुण्याहून हे सामने पहाटे उठून पाहतो, तरी ड्राफ्टचा हिशेब मला अजून पुरता उमगलेला नाही. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसा असेल तो खेळाडू घेऊन जातो. येथे मात्र निवडीचा क्रमांकच विकता येतो, तर त्याची किंमत कशी ठरवतात?

गणिती:

कसबापेठ, येथे खेळाडूचा भाव बोलीने ठरत नाही. जो सर्वांत वाईट खेळला त्याला निवडीचा पहिला मान मिळतो आणि करारांच्या रकमाही २०११ पासून क्रमांकानुसार जवळपास ठरलेल्या असतात. क्रमांकांच्या अदलाबदलीसाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजने गुणांचा एक तक्ता केला आणि तो पुढे सर्वत्र पसरला. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, पाचव्याला १७०० आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभीच्या ३३ व्या क्रमांकाला ५८० गुण आहेत. म्हणजे दुसऱ्यावरून पाचव्यावर सरकणाऱ्या संघाने समोरच्याकडून साधारण ९०० गुणांचा मोबदला मागायचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवले की संघ वरच्या क्रमांकांना त्यांच्या खऱ्या मोलापेक्षा अधिक किंमत देतात, कारण कोणता खेळाडू चमकेल हे आपल्याला कळते याविषयी निवडकर्त्यांना अवाजवी खात्री असते. करारांची पद्धत नंतर बदलल्यामुळे त्यातले आकडे जसेच्या तसे आज लागू करता येणार नाहीत, परंतु त्या अवाजवी खात्रीविषयीचे निरीक्षण मला अजूनही पटते. आपलाच २०१४चा ड्राफ्ट पाहा. आठव्या क्रमांकावर जस्टिन गिल्बर्ट आणि बावीसाव्यावर जॉनी मॅन्झेल घेतले, आणि दोघेही दोन हंगामांनंतर आपल्या संघातून गेले. त्याच ड्राफ्टमध्ये ३५ व्या क्रमांकावर घेतलेला जोएल बिटोनिओ आजही क्वार्टरबॅकपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या लाइनचा कणा आहे. आपला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) निक चब २०१८ मध्ये ३५ व्या क्रमांकावरच मिळाला. पहिल्या दोन फेऱ्यांत जितक्या अधिक वेळा हात घालता येईल तितके चांगले, म्हणून मी खाली सरकेन आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी मागून घेईन.

चेसापीक:

मी बाल्टिमोरला राहते, त्यामुळे येथे लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण १९९५च्या हंगामानंतर आर्ट मॉडेल यांनी क्लीव्हलंडचा संघ उचलून याच शहरात आणला होता. परंतु त्या दुःखद प्रकारात या चर्चेच्या कामाचा एक धडा आहे. १९९६ मध्ये बाल्टिमोरने आपला पहिला ड्राफ्ट केला तो क्लीव्हलंडकडून आलेल्या निवडींवरच. चौथ्या क्रमांकावर जोनाथन ऑग्डेन आणि सव्वीसाव्यावर रे लुईस आले. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले आणि जानेवारी २००१ मध्ये संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. चौथ्या क्रमांकाची पाळी आली तेव्हा लॉरेन्स फिलिप्स हा रनिंग बॅक शिल्लक होता आणि त्या जागेची निकडही होती, परंतु ब्राउन्सचेच माजी खेळाडू असलेले ऑझी न्यूसम यांनी आपल्या यादीत जो वर होता त्यालाच घेतले.

म्हणून कोलंबसकर, आपला जो थॉमसविषयीचा मुद्दा मला अर्धाच पटतो. त्याच २००७च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सने पुढच्या वर्षीची पहिली फेरी डॅलसला देऊन बावीसाव्या क्रमांकावर ब्रेडी क्विन हा क्वार्टरबॅक घेतला होता. २०१२ मध्ये ब्रँडन वीडन आणि २०१४ मध्ये मॅन्झेल त्याच क्रमांकावर घेतले. क्वार्टरबॅक हवा म्हणून क्वार्टरबॅक घेण्यात ब्राउन्स कधीच कमी पडले नाहीत. तेव्हा सँडर्स तुमच्या यादीत खरोखर दुसरा आहे का, की जागा रिकामी आहे म्हणून तो दुसरा दिसतो, हे आधी ठरवायला हवे. गेल्या वर्षी सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन पुरस्कार जिंकणारा आणि वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) व कॉर्नरबॅक (पास अडवणारा) या दोन्ही जागा खेळणारा हंटर मला या ड्राफ्टमधला सर्वांत गुणवान खेळाडू वाटतो. मी त्यालाच घेईन.

कोलंबसकर:

चेसापीकताई, क्विन, वीडन आणि मॅन्झेल या तिघांचा उल्लेख करून आपण माझ्याच मुद्द्याला बळ दिले आहे. तिघेही बावीसाव्या क्रमांकावरचे होते, म्हणजे इतर अनेक संघांनी सोडून दिलेले. आपण आधी दुसरे काही घेतले आणि उरलेल्यांतून क्वार्टरबॅक शोधला. २०१६ मध्ये तर दुसऱ्या क्रमांकाची निवड फिलाडेल्फियाला विकली. त्यांनी तिच्यावर क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झला घेतले आणि दुसऱ्याच हंगामात सुपर बोल जिंकला. त्या दोन हंगामांत आपण बत्तीसपैकी एक सामना जिंकलो.

गणिती:

तो सुपर बोल राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सने जिंकून दिला. वेंट्झ तेव्हा जायबंदी होता. आणि गेल्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवणाऱ्या फिलाडेल्फियाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स हा ५३ व्या क्रमांकावर घेतलेला आहे. चांगला क्वार्टरबॅक वरच मिळतो असा नियम नाही. आपल्याकडे ३३ वी निवडही आहे हे विसरू नये.

एरीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे वाचून माझे मत बदलले आहे, ते कसे हे लिहितो.

मी स्वतः सँडर्सच्या बाजूने झुकलो होतो. परंतु मेफिल्डचे पुढे काय झाले हे कोलंबसकरांनी सांगितले नाही, आणि मला तीच आपल्या संघाची खरी दुखरी जागा वाटते. प्लेऑफ जिंकून देणारा क्वार्टरबॅक हाती असताना, पुढच्या हंगामात तो खांद्याची दुखापत घेऊन खेळला म्हणून आपला धीर सुटला आणि आपण वॉटसनच्या मागे गेलो. मेफिल्डने २०२४ मध्ये टॅम्पा बेसाठी ४१ टचडाउन पास दिले. आणि आपण दिलेली २०२३ची पहिली फेरी वापरून ह्यूस्टनवाले तिसऱ्या क्रमांकावर सरकले आणि त्यांनी विल अँडरसनला घेतले. पुढच्याच जानेवारीत त्या संघाने प्लेऑफमध्ये आपला ४५-१४ असा पराभव केला. ती रात्र माझ्या घरातले कोणी विसरलेले नाही.

गणितींचा मुद्दाही मी एका अटीवरच मान्य करतो. खाली सरकणे हे केवळ आकड्यांत फायद्याचे असून चालत नाही. २०११ मध्ये सहाव्या क्रमांकाची निवड आपण अटलांटाला दिली, त्यांनी तिच्यावर हुलिओ जोन्सला घेतले, आणि बदल्यात मिळालेल्या पाच निवडींतून फिल टेलर, ग्रेग लिटल, ओवेन मॅरेसिक व वीडन आले. तक्त्यावर तो सौदा आपल्या बाजूचा होता. मैदानावर त्यातला एकही खेळाडू टिकला नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या पलीकडे न सरकता जर पुढच्या वर्षीची पहिली फेरी आणि या वर्षीच्या दुसऱ्या फेरीतली आणखी एक निवड मिळत असेल, तर आपले महाव्यवस्थापक अँड्र्यू बेरी यांनी तो सौदा करावा. आपला एज रशर मायल्स गॅरेट याने मार्चमध्ये नवा करार केला आहे, तेव्हा त्याच्या शेजारी बचाव फळीत उभा राहील असा खेळाडू त्या क्रमांकावरही मिळू शकतो. असा देकार आला नाही तर चेसापीकताई म्हणतात तसे हंटरला घ्यावे. क्वार्टरबॅक ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या वर्षी पाहावा आणि तोवर पिकेट व फ्लॅको यांच्यावर भागवावे.

मात्र लेफ्ट टॅकलविषयी कोणीच लिहिले नाही. त्या जागी खेळणाऱ्या जेड्रिक विल्सचा करार संपला आहे, बिटोनिओ तेहेतीस वर्षांचा आहे, आणि उद्या येणारा क्वार्टरबॅक कोणीही असला तरी त्याच्या पाठीमागून येणाऱ्याला अडवायला माणूस लागेल. ३३ व्या क्रमांकावर त्या जागेचा कोणता खेळाडू शिल्लक राहील असे आपल्याला वाटते?