मदत हवी आहे: सव्वासहाशे ग्रॅमच्या मांजराच्या पिल्लाला पिसवा झाल्यात, औषध कोणतं चालेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही चिपळूणजवळच्या एका गावात राहतो. मागच्या रविवारी पहाटे पडवीतल्या लाकूडफाट्यामागून बारीक आवाज यायला लागला. पाहिलं तर मांजराचं तांबूस पिल्लू, भिजून काकडलेलं. त्याची आई येईल म्हणून दिवसभर कुणी हात लावला नाही. संध्याकाळी पावसाचा जोर वाढला, तरी ती आली नाही. मग मुलीने (वय आठ) त्याला टॉवेलात गुंडाळून घरात आणलं आणि तांबू असं नावही ठेवून टाकलं. आता ते आमचंच आहे.

दोन दिवस खाणं, झोपणं सगळं ठीक होतं, फक्त सारखं मान खाजवायचं. तिसऱ्या दिवशी मांडीवर उताणं घेतलं, तर पोटावरच्या विरळ केसांतून काहीतरी तपकिरी, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं, सर्रकन पळालं आणि जांघेत दिसेनासं झालं. शेपटीच्या बुडाशी मिऱ्याच्या जाडसर पुडीसारखे काळे कण होते. मला वाटलं माती असेल. ओल्या कापसाने पुसले तर कापसावर एकेका कणाभोवती तांबडं कडं उमटलं. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे त्याचंच प्यायलेलं रक्त, हे नंतर कळलं. तो कापूस बघून पोटात कालवलं.

तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात 'मांजराच्या पिल्लाला पिसवा झाल्यात' असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी एक पावडर दिली. घरी येऊन बघते तर डब्यावर कुत्र्याचं चित्र, आणि मागे बारीक अक्षरांत परमेथ्रिन. मुलगी म्हणाली, "आई, यावर मांजर कुठे आहे?" तिच्या त्या प्रश्नामुळे मी थांबले. डबा फळीवर तसाच आहे, उघडलेला नाही.

सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने पुसायला सांगितलंय. शेजारच्या काकू म्हणतात कापूर खोबरेल तेलात विरघळवून लावा, त्यांच्या माहेरी तर रॉकेलचा बोळा फिरवत. सगळे चांगल्या मनानेच सांगतायत, पण पिल्लू स्वतःला सतत चाटतं. त्याच्या अंगावर लावलेलं सगळं पोटात जाणार, याची मला धास्ती वाटते. त्यातून पिसवा म्हटल्यावर सासूबाईंना प्लेग आठवला. त्यांच्या आजेसासू गावाबाहेर झोपड्यांत राहिल्याच्या गोष्टी सांगायच्या. त्यामुळे त्या नातीला पिल्लाजवळ जाऊ देत नाहीत, आणि नात ऐकत नाही.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, 620 ग्रॅम. पुढचे बारीक दात आलेत, ओला भात नि मासा खातं. मला विचारायचंय ते असं: एवढ्याशा पिल्लाला कोणतं औषध चालतं का? अंघोळ घातली तर गारठून जाईल का? आणि घराचं काय करू? मुलीच्या घोट्यांभोवती लाल गांध्या उठल्यात. आमच्या माजघरात कोबा आहे, पण पडवी अजून शेणाने सारवलेली. गोधड्या उन्हात टाका असं सगळे सांगतात. पण श्रावण चालू आहे, गेल्या आठ दिवसांत ऊन पडलेलं नाही.

कृपया अनुभव असेल तर लिहा.

प्रतिसाद (पुण्याहून)

ताई, आधी एक काम करा आणि मग बाकीचं वाचा. पिल्लाचा वरचा ओठ बोटाने उचला आणि हिरड्या बघा. गुलाबी असतील तर वेळ आहे. पांढरट, राखाडी असतील, पिल्लू मलूल असेल, खात नसेल, तर आजच्या आज डॉक्टरकडे न्या, मग कितीही पाऊस असो. सव्वासहाशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून चाळीस मिलीच्या आतच रक्त असतं, लहान वाटीचा अर्धाही भाग भरणार नाही. मोठ्या मांजराला पिसवांचा त्रास होतो तो खाजेचा. पिल्लू मात्र रक्त कमी होऊन दगावू शकतं. मी रस्त्यावरची पिल्लं सांभाळायला घेते, आणि असं एक पिल्लू माझ्या हातात गेलं आहे. म्हणून एवढ्या तळमळीने लिहितेय.

तो डबा फळीवरूनही काढून टाका. कुत्र्याचं शरीर परमेथ्रिनचा निचरा करतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. काही तासांत अंग थरथरायला लागतं, झटके येतात, जीव जातो. 'थोडंसं लावू' हा विचारही नको. रॉकेल, कापूर, कडुलिंबाचं तेल, निलगिरीचं तेल, डांबराच्या गोळ्या हे सगळं मांजरासाठी वाईट. फरशी पुसायच्या पाण्यात फिनेल घालत असाल तर पिल्लू आहे त्या खोलीपुरतं तेही बंद करा. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. डेटॉलचंही तसंच.

मानेवर टाकायचे थेंब मिळतात. त्यातले बरेचसे आठ आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांसाठी असतात, आणि काहींना निदान एक किलो वजन लागतं. तुमचं पिल्लू वजनावरून सहा आठवड्यांचं वाटतंय. एवढ्या लहान पिल्लाला काय द्यायचं, किती द्यायचं, हे डॉक्टरांनीच त्याला हातात घेऊन ठरवावं. तोपर्यंत खरं औषध म्हणजे फणी.

उवांची बारीक दातांची फणी असते ना, तीच. वाडग्यात कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घ्या. मानेपासून शेपटीकडे फणी ओढायची, दर फणीला ती पाण्यात बुडवायची. साबणामुळे पिसू तरंगत नाही, बुडते. नुसत्या पाण्यातून ती उडी मारून निघून जाते, आणि नखावर चिरडायला गेलात तर निसटते. हनुवटीखाली, कानामागे, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी जास्त वेळ द्या. दिवसातून दोनदा, आणि किती निघाल्या ते रोज लिहून ठेवा. आकडे उतरतायत की नाही ते त्यातूनच कळतं.

अंघोळ एकदा घाला, पण हिरड्या गुलाबी असतील आणि पिल्लू तरतरीत असेल तरच. बंद खोलीत, मनगटावर कोमट लागेल अशा पाण्याने. बाळांचा सौम्य शाम्पू चालेल. सुरुवात मानेपासून करा. गळ्याभोवती फेसाचं कडं केलंत की पिसवा डोळ्यांकडे, कानांकडे पळत नाहीत. आम्ही नवीन असताना पाठीपासून सुरू करायचो आणि सगळ्या पिसवा तोंडावर गोळा व्हायच्या. तोंडाला साबण लावू नका, तिथे ओला रुमाल नि फणी. पाच मिनिटांत आटपा. मग दोन टॉवेलांनी कोरडं करून गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. पूर्ण सुकेपर्यंत मांडीवरून खाली सोडू नका.

सासूबाईंना सांगा, प्लेगची पिसू ती उंदरावरची, वेगळ्या जातीची. मांजरावरची पिसू माणसाला चावते, पण माणसाच्या अंगावर घर करत नाही. मुलीला जवळ जाऊ द्या, फक्त खेळून झाल्यावर हात धुवायला लावा. आणि ओरखडा निघाला, दात लागला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवायचंच. त्यात हयगय नको.

प्रतिसाद (सावंतवाडीहून)

घराबद्दल मी लिहितो, कारण आमचंही घर मातीचं आहे आणि हाच पावसाळा आम्ही दोनदा भोगलाय.

पिल्लाच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या फौजेतल्या शंभरातल्या पाच धरा. बाकी अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते. ती अंडी उवांच्या लिखांसारखी केसाला चिकटत नाहीत, मीठ सांडावं तशी पिल्लू जिथे झोपेल तिथे गळतात. अळी उजेडापासून पळते, गोधडीच्या शिवणीत, फळीखाली, जमिनीच्या भेगेत जाऊन बसते आणि तीच काळी विष्ठा खाऊन वाढते. दमट हवा तिला मानवते, म्हणून पावसाळ्यात आपल्याकडे कहर होतो. मग ती कोष करते, आणि कोषावर धूळ चिकटल्यामुळे तो दिसत नाही. कोषावर कुठलीच फवारणी नीट चालत नाही. पिसू आत आठवडेच्या आठवडे गप्प बसून राहते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब लागली की बाहेर येते. बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी पाय फोडून काढतात त्या याच.

म्हणून पिल्लाला सध्या सारवलेल्या पडवीत सोडू नका. तिथे अळ्या शिरल्या तर तुम्ही काढणार कशा? कोब्याच्या एकाच खोलीत ठेवा. गोधडी अजिबात नको, तिच्यात शंभर शिवणी. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या धोतराचे, साडीचे तुकडे घाला आणि रोज बदला. काढलेला तुकडा झटकू नका, अंडी घरभर होतील. चारी कोपरे आत दुमडून तसाच चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाका. ऊन नाही ना? मग इस्त्री. अर्धवट सुकलेल्या कापडावर कडक इस्त्री फिरवायची, दोन्ही बाजूंनी. आमच्या घरी पावसाळाभर हेच चालतं. मुलीच्या अंथरुणाच्या चादरीही तशाच करा.

रोज दोनदा केर, कोपऱ्यांतून, कपाटाखालून, दाराच्या उंबऱ्याच्या फटीतून. केर सुपलीत राहू द्यायचा नाही, सरळ चुलीत. आणि रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर छोटा दिवा लावा, पिल्लू त्या खोलीत नसताना. उजेडाकडे उड्या मारून त्या पाण्यात पडतात. यामुळे पिसवा संपत नाहीत, पण कोणत्या खोलीत जास्त आहेत ते सकाळी ताटली बघून समजतं.

धीर धरा. कोष फुटत राहतात, त्यामुळे दहाव्या दिवशी पुन्हा पिसवा दिसल्या म्हणून केलेलं वाया गेलं असं समजू नका. आम्हाला पहिल्या खेपेला सात आठवडे लागले.

प्रतिसाद (डोंबिवलीहून)

वरच्या दोघांनी सगळं लिहिलंच आहे, एक राहिलं. चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून पोटात पट्टकृमी होतात. शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं, ओलं असताना हलणारं, तर ते तेच. डॉक्टरांकडे जाल तेव्हा जंताच्या औषधाचं विचारा, आणि तुमच्या त्या दुकानातून वजन न करता काही आणू नका. घरात किंवा अंगणात कुत्रं असेल, शेजारचं मांजर येत असेल, तर त्यांच्यावरही उपाय व्हायला हवा. नाहीतर तुम्ही काढत राहाल आणि त्या येत राहतील.

धागाकर्ती, नऊ दिवसांनी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हिरड्या फिकट गुलाबी होत्या. दुसऱ्याच दिवशी छत्री धरून त्याला पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांकडे येतात त्या गाई, म्हशी, शेळ्या. पण त्यांनी रांग थांबवून तांबूला हातात घेतलं, हिरड्या पाहिल्या, वजन केलं, जंताचं औषध थेंब मोजून दिलं. पिसवांच्या थेंबांसाठी किलोभर वजन होऊ दे म्हणाले, तोवर फणीच. डबा दाखवला तर त्यांनी तो ठेवूनच घेतला.

अंघोळ मानेपासून सुरू केली. फेस तांबडा होऊन वाहिला, मुलगी रडली, सासूबाईंनी न सांगता चुलीवर बाटलीचं पाणी तापवलं. आता त्याच त्याला मांडीवर घेऊन फणी करतात, चष्मा लावून. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तांबू त्यांच्याकडे झोपूनच जातो.

मुलगी कॅलेंडरवर आकडे लिहिते. पहिल्या दिवशी 31, मग 14, 9, 6, 4. सहाव्या दिवशी एकदम 11 झाल्या आणि मी खचले होते. कोष फुटतात हे वाचलेलं होतं म्हणून सोडून दिलं नाही. त्यानंतर 7, 5, आणि आज 3. वजन आज सकाळी 735 ग्रॅम. ताटलीत माजघरात एकही नाही, पण पडवीच्या दाराशी ठेवलेल्या ताटलीत रोज चार-पाच सापडतात. लाकूडफाटा हलवून बघितला तर मागे मांजराने केलेली जागा होती, वाळलेला पाचोळा नि केस. पिल्लाची आई तिथेच राहत असणार. तो पाचोळा जाळून टाकला.

आता अडलंय ते पडवीपाशी. उकळतं पाणी ओतलं तर सारवण उखडेल, औषध फवारलं तर तिथेच पुढे तांबू फिरणार, आणि ऊन अजून नाही. जुना थर खरवडून काढून ताजं सारवण केलं तर खालच्या अळ्या नि कोष जातील का, की आत दबून राहतील? मातीच्या घरात कुणी हे केलं असेल तर कधी केलंत, पावसातच की गणपतीनंतर जमीन सुकल्यावर, तेवढं सांगा.