लायनस पॉलिंग यांचे रोजचे टपाल: संशोधनाचे साधन की संशोधनातला अडथळा?

जुनी_प्रयोगशाळा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. एका विज्ञानविषयक मासिकासाठी मी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्यावर लेख लिहीत आहे. विद्युतऋणतेच्या (बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याच्या अणूच्या क्षमतेच्या) तक्त्यामुळे त्यांचे नाव आपल्याकडील विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेले असते. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना कोणाशीही वाटून न घेता मिळाली, हेही अनेकांना ठाऊक असते. मला मात्र त्यांच्या कामाच्या दिवसाविषयी, त्यातही टपालाविषयी, लिहायचे आहे. १९३७ ते १९५८ अशी एकवीस वर्षे ते पॅसाडीना येथील कॅलटेकमध्ये (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये) रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९८६ मध्ये त्यांनी आपले आणि पत्नी एव्हा हेलन यांचे कागद ज्या ऑरेगन स्टेट विद्यापीठाकडे सोपवले, तेथे त्यांच्या ४६ संशोधनवह्यांबरोबर आलेल्या पत्रांचा आणि धाडलेल्या उत्तरांच्या प्रतींचा प्रचंड साठा आहे.

मी स्वतः महाविद्यालयात विभागप्रमुख असताना आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात माझी निम्मी सकाळ जात असे, आणि त्या सात वर्षांत माझ्या हातून एकही धड प्रयोग झाला नाही. त्यामुळे माझा प्रश्न थोडा स्वार्थी आहे. एवढा पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाने संशोधन केव्हा केले? की पत्रव्यवहार हाच त्यांच्या संशोधनाचा भाग होता?

कार्बन_प्रत यांचे उत्तर:

मी लघुलिपी आणि टंकलेखन शिकलेल्या शेवटच्या पिढीतील आहे, म्हणून आधी कागदाविषयी. पॉलिंग पत्रे तोंडी सांगत आणि सचिव ती टंकलिखित करीत. यंत्रात मूळ कागदामागे कार्बन आणि पातळ कागद घातला, की एकाच ठोक्यात दोन प्रती निघत. मूळ प्रत टपालात जाई आणि पातळ प्रत फाइलला लागे. ही शिस्त त्या काळी कोणत्याही बऱ्या कार्यालयात असे, परंतु पॉलिंग यांच्याकडे ती इतकी कसोशीने पाळली गेली, की आलेले पत्र आणि त्याचे उत्तर आजही शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांत एकच बाजू हाती लागण्याचे दुःख ज्यांनी भोगले आहे, त्यांना याचे मोल कळेल.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. पॉलिंग यांच्या बाबतीत पत्रांनी संशोधनाला दिशा दिली, असे माझे मत आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे रॉकफेलर प्रतिष्ठानचे वॉरन वीव्हर. १९३० च्या दशकात पॉलिंग स्फटिकांची रचना आणि रासायनिक बंध यांत रमलेले होते. वीव्हर यांनी त्यांना स्पष्टपणे सुचवले, की प्रतिष्ठानला खरा रस जीवशास्त्राशी निगडित प्रश्नांत आहे. पैसा कोठे आहे हे कळल्यावर पॉलिंग यांचे लक्ष हिमोग्लोबिनकडे आणि पुढे प्रथिनांकडे वळले. अनुदानाचा अर्ज, प्रगतीचा अहवाल, पुन्हा अर्ज, हे सगळे कंटाळवाणे टपालच होते, पण त्या टपालाशिवाय १९५१ मधील अल्फा हेलिक्सपर्यंतची, म्हणजे प्रथिनसाखळीच्या सर्पिल रचनेच्या शोधापर्यंतची, वाट तयार झाली नसती.

याखेरीज १९४७ मध्ये त्यांचे सामान्य रसायनशास्त्रावरील पाठ्यपुस्तक निघाले. त्याची चित्रे रॉजर हेवर्ड या मूळच्या वास्तुविशारदाने काढली होती. रेणूंची चित्रे वास्तुविशारदाकडून काढून घ्यावीत, हे पॉलिंग यांना सुचले, यातच बरेच काही आले.

अर्धस्फटिक यांचे उत्तर:

कार्बन_प्रत यांच्याशी मी निम्माच सहमत आहे. पैसा पत्रांनी आणला हे खरे, पण कल्पना टपालातून आल्या नाहीत. दात्रपेशी रक्तक्षयाचेच (सिकलसेल ॲनिमियाचेच) पाहा. १९४५ मध्ये वैद्यकीय संशोधनविषयक एका सरकारी समितीच्या कामाच्या निमित्ताने सदस्य एकत्र जेवत असताना हार्वर्डचे विल्यम कॅसल यांनी त्या रोगाविषयी सांगितले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असावा, हे पॉलिंग यांच्या तेथल्या तेथे मनात आले. पुढे हार्वे इटानो आणि इतर सहकाऱ्यांनी विद्युतसंचारणाने (विद्युतक्षेत्रात रेणू वेगळे करण्याच्या पद्धतीने) निरोगी आणि रोगी माणसांच्या हिमोग्लोबिनांमधील फरक दाखवला आणि १९४९ मध्ये ‘रेणवीय रोग’ ही संकल्पना मांडणारा लेख प्रसिद्ध झाला. अल्फा हेलिक्सची मूळ कल्पना तर १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडलेले असताना, रहस्यकथा वाचून कंटाळल्यावर, कागदावर प्रथिनाची साखळी रेखाटून तो दुमडता दुमडता सुचली. पॅसाडीनाचे टपाल त्या वेळी हजारो मैल दूर होते, हा योगायोग नसावा.

पत्राची मर्यादा डीएनए या आनुवंशिक रेणूची रचना शोधण्याच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. १९५१ मध्ये पॉलिंग यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे पाहायला मिळावीत म्हणून पत्र लिहिले. तेथील संशोधक विल्किन्स यांच्याकडून नकार आला आणि त्यांचे वरिष्ठ रँडल यांच्याकडूनही नम्र नकारच आला. पुढे १९५२ मध्ये त्यांचा परदेशप्रवास अमेरिकेच्या हिताचा नाही असे कारण देऊन परराष्ट्र खात्याने पारपत्र (पासपोर्ट) नाकारले आणि मे महिन्यातील रॉयल सोसायटीची बैठक हुकली. पारपत्र मिळाले असते तर डीएनएचा दुहेरी सर्पिल पॉलिंग यांनीच शोधला असता, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. लेखात ते तसेच उतरवू नये, अशी विनंती. त्याच उन्हाळ्यात मर्यादित पारपत्र मिळून ते युरोपात गेले, इंग्लंडलाही गेले, आणि तरीही किंग्ज कॉलेजमध्ये गेले नाहीत. डिसेंबरच्या अखेरीस सहकारी रॉबर्ट कोरी यांच्यासह त्यांनी डीएनएची तीन साखळ्यांची, फॉस्फेट गट आतल्या बाजूस असलेली रचना प्रसिद्धीसाठी पाठवली. त्या रचनेत फॉस्फेटवरील हायड्रोजन सुटलेलेच नव्हते, म्हणजे डीएनए हे न्यूक्लिइक आम्ल असूनही आम्लासारखे वागूच शकले नसते. रासायनिक बंधावर जगाला शिकवणाऱ्याकडून ही चूक व्हावी, याला घाईखेरीज दुसरे नाव नाही.

हस्तलिखिताची प्रत टपालाने केंब्रिजला पोहोचली, कारण मुलगा पीटर तेथे वॉटसन आणि क्रिक यांच्याच खोलीत बसून शिकत होता. पुढचे सर्वांना माहीत आहे: दुहेरी सर्पिल त्या दोघांनी शोधला. एप्रिल १९५३ मध्ये पॉलिंग स्वतः केंब्रिजला गेले आणि एव्हा हेलन यांना त्यांनी लिहिलेल्या पत्रात आपली रचना बहुधा चुकीची आणि त्या दोघांची बरोबर असल्याचे सरळ मान्य केले.

जुनी_प्रयोगशाळा:

दोघांचेही आभार. पारपत्राची ती दंतकथा माझ्या मसुद्यात होती, ती आता काढतो. शांतता चळवळीच्या काळातील पत्रांविषयी कोणी सांगू शकेल काय? तेथे तर टपाल हेच काम झाले असावे.

तळटीप यांचे उत्तर:

तेथे टपाल हेच काम झाले, आणि तेच अंगाशीही आले. १५ मे १९५७ रोजी पॉलिंग यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अणुचाचण्यांविरुद्ध भाषण केले आणि लगेच बॅरी कॉमनर व एडवर्ड कॉन्डन यांच्यासह एक आवाहन तयार केले. अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या अल्पावधीत जमल्यावर ते आवाहन जगभर पाठवण्यात आले. संगणक नसलेल्या त्या काळात एवढ्या सह्या जमवणे म्हणजे पाकिटे भरणे, पत्ते लिहिणे, तिकिटे चिकटवणे आणि आलेल्या पाकिटांची नोंद ठेवणे. हे काम पॉलिंग दांपत्याने मोजक्या मदतनिसांच्या साहाय्याने केले, आणि ही चळवळ पॉलिंग यांच्याइतकीच एव्हा हेलन यांचीही होती, हे लेखात यावे. जानेवारी १९५८ मध्ये नऊ हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांच्याकडे देण्यात आले. नंतर हा आकडा ११,०२१ वर गेला. १९५८ मध्येच कॅलटेकमधील वाढत्या दडपणामुळे पॉलिंग यांनी विभागप्रमुखपद सोडले.

आपण बारनिशीचा उल्लेख केलात, म्हणून पुढील प्रसंग सविस्तर सांगतो. २१ जून १९६० रोजी अमेरिकी सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीपुढे पॉलिंग यांची जबानी झाली. सह्या करणाऱ्यांची नावे संयुक्त राष्ट्रांकडे आधीच होती, त्यामुळे ती देण्यास त्यांची हरकत नव्हती. सिनेटर टॉमस डॉड यांना हवे होते ते वेगळेच: सह्या गोळा करून पाठवण्यास मदत कोणी केली, त्यांची नावे. म्हणजे समितीला सह्यांच्या यादीपेक्षा आवक टपालात अधिक रस होता. पॉलिंग यांनी नकार दिला. ही नावे दिली तर त्या तरुण, आदर्शवादी माणसांना त्रास दिला जाईल, अशी त्यांची भूमिका होती. सिनेटच्या अवमानाबद्दल तुरुंगवास होण्याची शक्यता उघड होती, तरीही ११ ऑक्टोबरच्या दुसऱ्या सुनावणीतही ते नकारावर ठाम राहिले. अवमानाची कारवाई शेवटी झाली नाही.

कार्बन_प्रत:

कल्पना टपालातून आल्या नाहीत, या अर्धस्फटिक यांच्या विधानाला एक अपवाद नोंदवून ठेवतो, मग तो आपल्याला मानवो वा न मानवो. १९६६ मध्ये पॉलिंग यांनी एका भाषणात आणखी पंधरा-वीस वर्षे जगून विज्ञानातील नव्या गोष्टी पाहण्याची इच्छा व्यक्त केली. ते ऐकून आयर्विन स्टोन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्यांना पत्र लिहून रोज तीन ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला दिला. पॉलिंग यांनी तो मानला, १९७० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्या वादात घालवली. त्यांच्या कर्करोगविषयक दाव्यांना पुढील नियंत्रित चाचण्यांत आधार मिळाला नाही.

अर्धस्फटिक:

हा अपवाद मला मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूने मोजावा.