‘पूर्वाश्रमीचे काँग्रेसचे’ : राजकारणातील महंतांविषयी लिहिताना

प्रश्न : गोरखपूरच्या गोरक्षपीठाचे महंत आणि त्यांचे निवडणुकीचे राजकारण या विषयावरील एका लेखाचे मुद्रितशोधन करीत आहे. त्यात महंत दिग्विजयनाथ यांना ‘पूर्वाश्रमीचे काँग्रेसचे’ म्हटले आहे. पक्षांतर केलेल्या कोणत्याही पुढाऱ्याला वर्तमानपत्रे हे विशेषण लावतात, पण मठाच्या महंताला ते लावावे काय? ‘धार्मिक कारकीर्द’ आणि ‘मठाची घराणेशाही’ हे प्रयोगही त्याच लेखात आहेत.

उत्तर : ‘पूर्वाश्रम’ म्हणजे संन्यास घेण्यापूर्वीचे आयुष्य. पक्षांतराला हा शब्द लागला तो थट्टेने, आणि ती थट्टा इतकी रुळली की आता कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘कैलासवासी’च्या चालीवर ‘काँग्रेसवासी झाले’ म्हणतात, किंवा निवडणूक हरलेला पुढारी ‘राजकीय संन्यास’ घेतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र ज्याने खरोखरच दीक्षा घेतलेली आहे त्याच्याविषयी लिहिताना मूळ अर्थ जागा होतो आणि वाक्य संदिग्ध बनते. दिग्विजयनाथ आधी काँग्रेसचे काम करीत, आणि १९२२ च्या चौरीचौरा प्रकरणात त्यांना अटकही झाली होती. १९३५ मध्ये ते महंत झाले आणि १९३७ मध्ये हिंदू महासभेत गेले. ‘पूर्वाश्रमीचे काँग्रेसचे’ म्हणजे दीक्षेपूर्वीचे की महासभेपूर्वीचे, हे वाचकाने कसे ओळखावे? ‘आधी काँग्रेसमध्ये असलेले’ असे सरळ लिहावे.

‘कारकीर्द’ हा शब्द अधिकारपदाच्या कालखंडाला शोभतो, मग ते पद राजाचे असो वा मंत्र्याचे. त्यामुळे ‘महंतपदाची कारकीर्द’ चालेल आणि ‘राजकीय कारकीर्द’ही चालेल, ‘धार्मिक कारकीर्द’ मात्र साधना ही बढतीची नोकरी असल्यासारखी वाटते. या दोन कारकिर्दी एकाच दिवशी सुरू होत नाहीत, आणि लेखकांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. योगी आदित्यनाथ १९९८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लोकसभेवर निवडून आले तेव्हा ते महंत नव्हते, महंत अवैद्यनाथ यांचे उत्तराधिकारी होते. गुरूचा मतदारसंघ त्यांच्याकडे तेव्हा आला, मठाची गादी मात्र अवैद्यनाथ यांच्या निधनानंतर, २०१४ मध्ये. ‘गादी चालवली’ हा वाक्प्रचार राजकीय वारशालाही लावला जात असल्याने ‘१९९८ मध्ये त्यांनी गुरूची गादी चालवायला घेतली’ असे कोणी लिहिले तर ते भाषेच्या अंगाने खपेल आणि तपशिलाच्या अंगाने चुकेल. तिथे ‘जागा’ किंवा ‘मतदारसंघ’ म्हणावे आणि ‘गादी’ मठापुरती राखून ठेवावी.

‘घराणेशाही’विषयी माझे मत इतके ठाम नाही. गायकीच्या घराण्यात शिष्यही येतो, त्यामुळे ‘घराणे’ म्हणायला हरकत नसावी. पण ‘शाही’ जोडली की पितापुत्रांचे नातेच डोळ्यांपुढे येते. गंमत अशी, की आदित्यनाथ यांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात पित्याच्या नावाच्या जागी गुरूचे, म्हणजे अवैद्यनाथ यांचे, नाव असते. तरीही टीका करायची असेल तर ‘शिष्यपरंपरेने चालत आलेला मतदारसंघ’ हे शब्द अधिक नेमके आहेत आणि बोचायचे तिथे बोचतातही. शिवाय या परंपरेत पक्ष कायम राहिलेला नाही: अवैद्यनाथ १९८९ मध्ये हिंदू महासभेतर्फे आणि १९९१ व १९९६ मध्ये भाजपतर्फे निवडून आले, आणि तिन्ही वेळा मतदारसंघ गोरखपूरच होता.

आणखी एक मत : वरील विवेचन मान्य आहे, मात्र ‘महंत’ हा शब्द सरसकट वापरू नये. नाथपंथी मठाला तो लागू पडतो आणि आपल्याकडे महानुभाव पंथातही तो रूढ आहे. वीरशैव मठाच्या प्रमुखाला मात्र ‘मठाधिपती’ किंवा ‘शिवाचार्य’ म्हणतात. २०१९ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर निवडून आलेले जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांना ‘महंत’ म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. त्यांच्या नावातच ‘शिवाचार्य’ असल्याने मागे ‘माजी खासदार’ लावल्यावर पुन्हा ‘मठाधिपती’ लावण्याचीही गरज नाही. मठाचा उल्लेख करायचाच असेल तर तो स्वतंत्र वाक्यात करावा.